‘निधीला कात्री’ आणि हललेली एक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात तीन रकानी बातमी होती: ‘ग्रंथालयांच्या निधीला कात्री’. खाली बारीक अक्षरांत, तरतूद एक तृतीयांशाने घटली. बातमी मी तीनदा वाचली. गेल्या वर्षीचा आकडा बरोबर, या वर्षीचा बरोबर, वजाबाकीही बरोबर. तरी बातमी चूक होती. ती का चुकली हे मला नेमके ठाऊक आहे, कारण ती कात्री माझ्याच संगणकावर चालली.

मी सरकारी वित्त खात्यात अर्थसंकल्प व वित्तीय प्रणाली विश्लेषक आहे. सतरा वर्षे झाली. हुद्दा असा की ओळखीच्या निम्म्या लोकांना मी सीए वाटते आणि उरलेले माझ्याकडे बंद पडलेला लॅपटॉप घेऊन येतात. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे. खात्यांकडून आलेल्या मागण्या तपासायच्या, त्या ठरलेल्या मर्यादेत बसतात का पाहायचे, आणि ज्या संगणक प्रणालीतून हा सगळा पैसा वर्षभर वाहतो तिच्यात प्रत्येक रकमेला तिची जागा द्यायची, असे हे काम. जागा म्हणजे लेखाशीर्ष. बोलताना आम्ही नुसते ‘हेड’ म्हणतो. कोणाचे हेड, हेडला किती शिल्लक, बिल चुकीच्या हेडला पडले, असा आमचा दिवस जातो.

आता त्या ग्रंथालयांचे. सोपे आकडे घेऊ. ग्रंथालयांच्या हेडखाली गेल्या वर्षी 90 होते. त्यातले 60 पगार, पुस्तके, वीजबिल यांचे आणि 30 इमारतींच्या दुरुस्तीचे. मधल्या काळात निर्णय झाला की सर्व खात्यांच्या इमारतींची दुरुस्ती बांधकाम खात्याने एकत्रित करावी. निर्णय पटण्यासारखा होता. गळके छप्पर ग्रंथपालाला दिसते, पण त्याच्या खर्चाचा अंदाज बांधणे, निविदा काढणे, झालेल्या कामाची मोजमापे घेणे हे काही त्याचे काम नव्हे. परिपत्रक निघाले, एक बैठक झाली आणि जुन्या हेडवरून नव्या हेडवर रकमा नेण्याचे काम माझ्याकडे आले. चारशेच्या वर ओळी होत्या. त्यातल्या एका ओळीने ग्रंथालयांचे 30 उचलले आणि इमारतींच्या एका मोठ्या हेडखाली नेऊन ठेवले. ग्रंथालयांकडे उरले 60. आपल्या वार्ताहराने 90 आणि 60 शेजारी ठेवले. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते, कारण ज्या तक्त्यात ही हालचाल दिसते तो आमच्या कार्यालयाबाहेर कधी गेलाच नाही.

या तक्त्याला आम्ही मॅपिंग शीट म्हणतो. डावीकडे जुने हेड, उजवीकडे नवे, मध्ये रक्कम. याहून कंटाळवाणा कागद सरकारात दुसरा नसेल. पण तो हाती नसला की दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत.

हेडची रचना एकदा कळली की अर्थसंकल्पाची जाडजूड पुस्तके थोडी कमी भीतिदायक वाटतात, म्हणून दोन शब्द. भारतात केंद्र आणि राज्ये एकच नमुना वापरतात: सहा पातळ्या, पंधरा आकडे. पहिले चार आकडे प्रधान शीर्षाचे, आणि त्यातला पहिलाच आकडा पैशाची जात सांगतो. 0401 म्हणजे पीक संवर्धनातून आलेली जमा, 2401 म्हणजे त्याच कामावरचा महसुली, म्हणजे रोजचा चालू खर्च, 4401 भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्तेवरचा खर्च, 6401 त्यासाठी दिलेली कर्जे. दोन-दोन मिळवत जायचे. नोकरीला लागले तेव्हा एका वरिष्ठांनी हे मला बसल्या जागी शिकवले आणि म्हणाले, “बाई, एवढे पाठ असले की अर्धा अर्थसंकल्प न उघडता वाचता येतो.” उरलेला अर्धा अजून वाचते आहे.

पण या आकड्यांतून एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरे मागितली जातात. पैसा कोणी खर्च केला, आणि कशासाठी. ‘कोणी’ याचे उत्तर खाते देते. ‘कशासाठी’ याचे उत्तर द्यायला संयुक्त राष्ट्रांचे एक वर्गीकरण आहे. जगभरातल्या सरकारांची सगळी कामे त्याने दहा विभागांत बसवली आहेत. संरक्षण दुसऱ्यात, आरोग्य सातव्यात, शिक्षण नवव्यात. करमणूक, संस्कृती आणि धर्म मिळून आठवा, आणि ग्रंथालये त्यात येतात. (करमणूक आणि धर्म एका खणात कोणी घातले याचे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून आहे.) गंमत अशी की या पद्धतीने मांडणी केली असती, तर छप्पर कोणत्याही खात्याने दुरुस्त केले तरी खर्च आठव्या विभागातच दिसला असता आणि कात्रीची बातमीच झाली नसती. आपण जी पाने चाळून बातमी केली ती खातेनिहाय होती.

हेड हलणे ही काही आडवळणाची गोष्ट नाही. खाती मोडतात, जुळतात, योजनांची नावे बदलतात. केंद्राने 2017-18 पासून योजना खर्च (पंचवार्षिक योजनांतला) आणि योजनेतर खर्च (बाकीचा) हा भेदच काढून टाकला, आणि त्याच वर्षी रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही बंद झाला. त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एका आलेखात सरळ जोडता येत नाहीत. अमेरिकेचे उदाहरण तर मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. त्यांचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होत असे. 1974 च्या कायद्याने ते 1 ऑक्टोबरवर नेले, आणि 1976 चे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हे तीन महिने कोणत्याच वर्षात बसेनात. त्यांचा हिशेब वेगळा, ‘संक्रमण तिमाही’ म्हणून दाखवावा लागला. जुन्या तक्त्यांत ती तिमाही आजही दोन वर्षांच्या मध्ये आगंतुकासारखी उभी असते. निदान ती उघड उभी आहे. आमच्या 30 सारख्या रकमा मुकाट्याने खोली बदलतात.

हेड हलले नसले तरी दुसरा गोंधळ उरतोच, आणि त्यात सरकारपेक्षा वृत्तपत्रांचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे. राग मानू नये. आपल्याकडच्या अर्थसंकल्पी पुस्तकात प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात: गेल्या संपलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. समजा एखाद्या योजनेपुढे अनुक्रमे 62, 100, 70 आणि 90 असे आकडे आहेत. आता मथळा द्या. मूळ अंदाजाशी तुलना केली तर 10 टक्के कपात. सुधारित अंदाजाशी केली तर जवळपास 29 टक्के वाढ. प्रत्यक्ष खर्चाशी केली तर 45 टक्के वाढ. तिन्ही मथळे खरे आहेत आणि तिन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या वृत्तपत्रांत आलेले मी पाहिले आहेत. सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता कोणता रकाना निवडतो आणि विरोधी पक्षाचा कोणता, हे सांगायला विश्लेषक लागत नाही.

मला स्वतःला विचाराल तर या चारांतली सगळ्यात बोलकी जोडी 100 आणि 70 ची. वर्षाच्या सुरुवातीला सभागृहात टाळ्या घेऊन 100 मंजूर झाले आणि वर्ष संपण्याआधी सरकारनेच कबूल केले की 70 च्या पुढे जाणार नाही. हे 30 कुठे गेले? जागा भरल्या नाहीत, जमीन ताब्यात आली नाही, मार्गदर्शक सूचना निघायला सहा महिने लागले, की महसूलच कमी आला म्हणून वित्त खात्याने हात आखडता घेतला? प्रत्येक कारणाची बातमी वेगळी. ती बातमी जवळजवळ कोणी करत नाही, कारण सुधारित अंदाज नव्या अर्थसंकल्पाच्याच पुस्तकात, नव्या घोषणांच्या शेजारी छापलेला असतो आणि त्या दिवशी सगळ्यांचे डोळे शेवटच्या रकान्यावर असतात.

वर्षअखेरीचे मात्र आतून कसे दिसते ते सविस्तर लिहिते, कारण त्यावर दरवर्षी एक ठरावीक व्यंगचित्र येते: पोत्यातून नोटा उधळणारा अधिकारी.

शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे बिलांची रांग लागते. रांग खरोखरची दिसत नाही, पडद्यावर एक आकडा असतो, प्रलंबित देयके. सकाळी अकराला तो जेवढा असतो त्याच्या दुप्पट दुपारी चारला. प्रणाली मंदावते. दुर्गम कार्यालयातला एखादा कर्मचारी फोन करून सांगतो की पडदा गोल फिरतोय. त्याला आम्ही म्हणतो, रिफ्रेश करू नका. तो रिफ्रेश करतो. एकच बिल दोनदा चढते. दुसरे अडवायला नियम लिहिलेला असतो, तो नियम आधी मी लिहिला होता आणि पहिल्या वर्षी त्याने खऱ्या वेगळ्या बिलांनाही अडवले, कारण दोन बिलांची रक्कम, तारीख आणि पुरवठादार योगायोगाने सारखे होते. त्या रात्री हिशेब बंद व्हायला काही तास उरले असताना मी एकेक बिल हाताने सोडत बसले होते. शेजारच्या टेबलावरचे सहकारी अधूनमधून फक्त वेळ सांगत. तेवढ्यानेही धीर यायचा.

या रांगेत उधळपट्टी असते का? असते. गरज नसलेल्या खुर्च्या मी बिलांत पाहिल्या आहेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खरेदीवर जेफ्री लीबमन आणि नील महोनी या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातला खर्च उरलेल्या वर्षाच्या साप्ताहिक सरासरीच्या 4.9 पट निघाला, आणि त्या आठवड्यात हाती घेतलेले माहिती-तंत्रज्ञानाचे प्रकल्प दर्जात खालच्या पायरीवर आढळले. तिथल्या न्याय खात्याला मात्र न खर्चलेला पैसा अशा प्रकल्पांसाठी पुढच्या वर्षात नेण्याची मुभा होती, आणि त्या खात्यात ही दर्जाची घसरण दिसली नाही. म्हणजे माणसे तीच, घाईचे कारण काढून घेतले की कामे बरी होतात.

पण माझ्या अनुभवात रांगेतली पुष्कळ बिले साधी आणि रास्त असतात. काम सहा महिन्यांपूर्वी झालेले, ठेकेदार तेव्हापासून चकरा मारणारा, निधी मात्र शेवटच्या तिमाहीत सुटलेला. तरतूद मंजूर होणे आणि निधी वितरित होणे यांत महिने जाऊ शकतात हे बाहेर फारसे कोणाला माहीत नसते. मंजूर तरतूद म्हणजे खर्च करण्याची कमाल परवानगी, तिजोरीत वेगळा काढून ठेवलेला पैसा नाही. वित्त खाते महसूल कसा येतोय ते पाहत तो हप्त्याहप्त्याने सोडते. उशिरा सोडला की उशिरा खर्च होतो, आणि व्यंगचित्रात चेहरा मात्र खालच्या अधिकाऱ्याचा येतो.

त्याहून खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या प्रणालीत पैसा तिजोरीतून निघाला की खर्च झाला. तो एखाद्या मंडळाच्या किंवा संस्थेच्या बँक खात्यात जाऊन पडला, एक वीटही रचली गेली नाही, तरी आमच्या रकान्यात तो ‘प्रत्यक्ष खर्च’. रोखीवर हिशेब ठेवणाऱ्या सरकारांत हे असेच चालते, त्यात लबाडी असेलच असे नाही. पुढे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर लागल्याचा दाखला, यायचे असते, ते कधी वेळेवर येते, कधी त्याची आठवणपत्रे माझ्या फायलीत जाड होत जातात. त्यामुळे 62 हा आकडा मी वर ‘प्रत्यक्ष’ म्हणून दिला तेव्हा माझाच हात क्षणभर अडखळला.

चुका आमच्याकडून होतात हेही लिहायला हवे. पुस्तकाच्या कोपऱ्यात ‘रक्कम हजारांत’ असे छापलेले असते आणि एका वर्षी एका खात्याने लाखांत भरलेला तक्ता मी तसाच पुढे जाऊ दिला. छपाईच्या आदल्या संध्याकाळी बेरीज जुळेना म्हणून तो सापडला. जुळली असती तर? एक्सेलच्या चुका मोठमोठ्यांनाही सुटलेल्या नाहीत. सरकारी कर्ज फार असलेल्या देशांच्या आर्थिक वाढीची कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी काढलेली सरासरी अनेक देशांतल्या काटकसरीच्या वादात पुरावा म्हणून वापरली गेली. 2013 मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की सूत्रात काही ओळी घेतल्याच गेल्या नव्हत्या, आणि पाच देश सरासरीतून गळले होते. इंग्लंडमध्ये 2020 साली करोनाचे जवळपास 16 हजार रुग्ण आकडेवारीतून गळाले, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये 65,536 च्या पुढे ओळी मावत नाहीत. राइनहार्ट-रोगॉफ यांची चूक सापडली कारण त्यांनी आपली फाइल त्या विद्यार्थ्याला दिली. मॅपिंग शीट बाहेर द्यावी असे मी म्हणते ते याच कारणाने. ती माझी आहे, म्हणजे तिच्यात चूक असण्याची शक्यता आहे.

खात्यात मी हे दोनदा सुचवले. पहिल्यांदा उत्तर आले की नागरिकांना यात रस नाही. दुसऱ्यांदा, की आजवर कोणी मागितलेली नाही. दुसरे उत्तर मला उपयोगी वाटते, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहिते आहे. आपण मागा. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपले वार्ताहर भाषणाची प्रत मागतात, तशी जुन्या-नव्या शीर्षांच्या तक्त्याची प्रतही मागावी. दोन-चार वृत्तपत्रांनी लागोपाठ मागितली तर ती पुस्तकाला परिशिष्ट म्हणून जोडली जाईल, कारण असे कागद लपवण्याइतके महत्त्वाचे आमच्याकडे कोणीच समजत नाही. आणि वाढ किंवा कपात छापताना तुलना कोणत्या रकान्याशी केली हे कंसात चार शब्दांत लिहावे. जागा फार जाणार नाही.

आणखी एक. अर्थसंकल्पाला आपण आठ पाने दिलीत. त्याच सरकारचे वार्षिक लेखे आणि त्यांवरचा लेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात मांडला जातो तेव्हा आतल्या पानावर दोन परिच्छेद येतात. मंजूर पैशाचे पुढे काय झाले हे विचारायला ब्रिटिश संसदेने 1861 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने लोकलेखा समिती नेमली. भारतीय संसदेच्या अशा समितीचे अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाच्या सदस्याकडे दिले जाते. एवढी जुनी सोय आहे, पण तिच्या कामकाजाला वार्ताहर किती जातात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल. तो अहवाल हाती येतो तेव्हा त्या वर्षाची भाषणे सगळे विसरलेले असतात. मला तर तीच वेळ सोयीची वाटते. भाषण बाजूला ठेवून नुसते आकडे वाचता येतात.

आता परत ग्रंथालयांकडे, कारण तिथे मला थोडी सारवासारव करायची आहे. वर मी बातमी चूक होती असे ठासून लिहिले. ती चूकच होती. 30 कापले गेले नव्हते, इमारतींच्या हेडखाली सुरक्षित होते. पण ‘सुरक्षित’ हा शब्द लिहून मी थांबले आहे. पूर्वी ते 30 ग्रंथालयांच्या नावाने होते. दुसऱ्या कोणाला द्यायचे तर पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव करावा लागे, त्यावर सही लागे, कारण लिहावे लागे. आता ते एका मोठ्या रकमेत मिसळले आहेत. त्याच रकमेतून कार्यालयांची, विश्रामगृहांची, निवासस्थानांची दुरुस्ती व्हायची आहे, आणि कोणाचे छप्पर आधी हे ठरवणाऱ्या बैठकीत ग्रंथपालाला खुर्ची नसते. उपशीर्षाखाली ‘ग्रंथालय इमारती’ अशी वेगळी तपशीलवार ओळ ठेवावी असे मी टिपणीत सुचवले होते. ओळींची संख्या कमी करण्याचे धोरण असल्याने ते मान्य झाले नाही. त्यामुळे ग्रंथालयांच्या दुरुस्तीवर या वर्षी प्रत्यक्षात किती खर्च झाला हा प्रश्न आपण पुढे विचारलात, तर अर्थसंकल्पाच्या पुस्तकात त्याचे उत्तर नसेल. कामनिहाय बिले उघडून बेरीज करावी लागेल. ती प्रणालीतून निघू शकते, मी काढून पाहिली आहे. वर्षाचे सात महिने उलटले तेव्हा त्या 30 पैकी 4 ग्रंथालयांवर खर्ची पडले होते.

आपल्या वार्ताहराला हे जरूर सांगावे. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘ग्रंथालयांच्या दुरुस्तीचा निधी’ असे लिहू नये, तसे हेडच आता नाही असे उत्तर येईल. ‘इमारत दुरुस्तीच्या शीर्षाखालील कामनिहाय खर्च, लाभार्थी कार्यालयासह’ असे मागावे.

सेवेच्या नियमांमुळे पत्रासोबत दिलेले नाव व पत्ता प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक